काल्पनिक राज्य आणि ओळखीचा इतिहास : महाकादंबरीचे परीक्षण लिहिताना

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या वार्षिक अंकासाठी एका नव्या मराठी फँटसी कादंबरीचे परीक्षण लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. नियोजित मालिकेचा हा पहिलाच खंड असून तो चांगला सहाशे पानांचा आहे. राज्याचे नाव, राजाचे नाव, नकाशा हे सगळे काल्पनिक आहे. मात्र डोंगरावरची राजधानी, तिचा खोल खंदक, सैन्य दूर गेलेले असताना उत्तरेकडून अचानक आलेली घोडेस्वारांची धाड आणि वेढ्याच्या वेळी धान्य समजून किल्ल्यात भरलेल्या मिठाच्या गोण्या हे वाचताना देवगिरी आठवल्याशिवाय राहत नाही. पुढे गावोगावच्या वीरगळांमधले, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांमधले, वीर जिवंत होऊन लढायला येतात. माझे वडील निवृत्त इतिहास शिक्षक आहेत. शिपाई भाकरीबरोबर मिरचीचा ठेचा खातात हे वाचून त्यांनी पुस्तक मिटले आणि सगळ्या ऐतिहासिक चुका परीक्षणात मांडाव्यात असे मला सांगितले. माझ्या मैत्रिणीच्या मते काल्पनिक राज्याला इतिहासाचे माप लावणेच मुळात अन्यायाचे आहे. कादंबरीचे सविस्तर टिपण सोबत पाठवत आहे. मी कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, कर्वेनगर, पुणे

उत्तर : आपल्या वडिलांचा आक्षेप खरा आहे, पण त्यांनी काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही, आणि आपल्या मैत्रिणीची भूमिका उदार असली तरी तिने परीक्षकाच्या हातातले सर्वांत उपयुक्त साधनच काढून घेतले आहे. अशा कादंबरीच्या बाबतीत विचारायचा प्रश्न ‘हे खरोखर असे घडले होते का’ हा नव्हे. लेखकाने इतिहासातून आणि पुराणकथेतून जे उचलले, त्याचे परिणाम त्याने आपल्या कथेत शेवटपर्यंत भोगू दिले आहेत का, हा प्रश्न विचारावा. उचललेली गोष्ट केवळ देखावा म्हणून उभी असेल तर पाने कितीही असली तरी पुस्तक पोकळ राहते, आणि तीच गोष्ट पात्रांच्या निर्णयांवर, पोटापाण्यावर आणि मरणावर परिणाम करीत असेल तर तपशिलाची एखादी चूकही वाचक सहज पोटात घालतो.

काळाची सरमिसळ हा या साहित्यप्रकाराचा नवा अपराध नाही, ती त्याच्या पूर्वजांपासून चालत आली आहे. आर्थर राजाच्या कथा इंग्रजीत एकत्र बांधणारा टॉमस मॅलरी स्वतःला बंदिवान सरदार म्हणवून घेतो आणि 1470 च्या सुमारास आपला ग्रंथ पुरा करतो; इंग्लंडमध्ये राजघराण्यातल्या दोन शाखांचे युद्ध तेव्हा चालू होते. ज्या राजाला परंपरा पाचव्या-सहाव्या शतकात ठेवते, त्याच्या सरदारांच्या अंगावर मॅलरी आपल्या काळाचे चिलखत चढवतो आणि त्यांच्या भाऊबंदकीत आपल्या काळाचे दुःख ओततो. ही गफलत आहे असे आज कोणी म्हणत नाही, कारण त्या चिलखताच्या आतली माणसे त्या युद्धाची किंमत मोजताना दिसतात. मध्ययुगाकडे वळणाऱ्या आजच्या कादंबरीकारालाही आपण हीच सवलत द्यावी आणि हीच अटही घालावी.

आता मिठाच्या गोण्यांकडे येऊ, कारण आपण पाठवलेल्या टिपणातला मला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग तोच आहे. 1296 मध्ये अल्लाउद्दीन खलजी प्रयागराजजवळच्या कडा या गावाहून निघून एलिचपूरमार्गे, म्हणजे आजच्या अचलपूरवरून, देवगिरीवर चालून आला तेव्हा रामचंद्रदेव यादवाचे मुख्य सैन्य राजपुत्राबरोबर बाहेर होते. घाईघाईत किल्ल्यात भरलेल्या गोण्यांत धान्याऐवजी मीठ निघाले, ही हकिकत फरिश्त्याच्या इतिहासात येते. फरिश्ता विजापूरच्या आदिलशाही दरबारात राहून लिहीत होता, आणि तेही घटनेनंतर सुमारे तीनशे वर्षांनी. म्हणजे ही कथा आपल्या हाती येते तेव्हाच ती अर्धी इतिहास आणि अर्धी दंतकथा झालेली असते, आणि नेमकी अशीच सामग्री कादंबरीकाराच्या कामाची असते. एवढी पार्श्वभूमी परीक्षणात तीन-चार वाक्यांत जरूर द्यावी.

आपल्या टिपणानुसार कादंबरीत एका हमालाला गोणी पाठीवर घेताक्षणीच कळते की हे धान्य नाही, आणि तरीही तो गप्प राहतो. हा प्रसंग परीक्षणाच्या मध्यभागी ठेवावा असे मला मनापासून वाटते. एकाच मापाच्या दोन गोण्यांत गहू आणि मीठ भरले तर मिठाची गोणी हाताला बरीच जड लागते, आणि दमट हवेत तिचे तरटही ओलसर होते. कारकुनाला हे कागदावर कधीच दिसणार नाही, पण ज्याची पाठ त्या गोणीखाली वाकते त्याला ते लपत नाही. इतिहासकाराने जिथे ‘चूक झाली’ एवढेच म्हणून विषय संपवला, तिथे कादंबरीकाराने ही चूक कोणाला ठाऊक होती आणि ती सांगण्याची सोय कोणाला नव्हती, हा प्रश्न उभा केला आहे. परीक्षकाने आता याच धाग्याचा माग काढत पुढची पाने वाचावीत. हमाल का गप्प राहिला? मुकादमाच्या भीतीने, मजुरी बुडेल म्हणून, की त्या राज्याशी त्याचे काही देणेघेणेच उरले नव्हते म्हणून? वेढ्याच्या सातव्या-आठव्या दिवशी उपासमार सुरू होते तेव्हा तो कुठे असतो? राजाला हे कधी कळते का? या प्रश्नांची उत्तरे लेखकाने दिली असतील तर दोन उतारे उद्धृत करून ती दाखवावीत. आणि हमाल त्या एका पानानंतर कायमचा नाहीसा झाला असेल, तर हातात आलेला हिरा लेखकाने घालवला असे खेदाने, पण स्पष्टपणे लिहावे.

मिरचीचा प्रश्नही याच मार्गाने सुटतो. मिरची मूळची अमेरिकेची असून पोर्तुगीजांच्या व्यापारातून ती सोळाव्या शतकात आपल्याकडे रुजली, त्यामुळे यादवकालीन स्वयंपाकात तिखटपणासाठी काळी मिरी, पिंपळी आणि आले हीच असणार, हे आपल्या वडिलांचे म्हणणे निर्विवाद आहे. परंतु कादंबरीतले राज्य देवगिरी नाही, आणि तेथील शेतात मिरची पिकते असे लेखकाने ठरवले तर तो त्याचा अधिकार आहे. अडचण वेगळीच आहे. आपणच लिहिले आहे की या राज्याची सारी संपत्ती घाटाखालच्या बंदरांतून होणाऱ्या मिऱ्याच्या व्यापारावर उभी आहे आणि उत्तरेचा आक्रमक त्याच खजिन्याच्या लोभाने येतो. तसे असेल तर साध्या शिपायाच्या शिदोरीत फुकटच्या भावाने मिळणारे तिखट असताना मिऱ्याला सोन्याचा भाव का यावा, आणि त्यासाठी कोणी डोंगर ओलांडून का यावे? येथे चूक इतिहासाची राहत नाही, लेखकाने स्वतः मांडलेला हिशेबच जुळत नाही, आणि हे दाखवून देण्याचा परीक्षकाला पूर्ण अधिकार आहे. वडिलांचा आक्षेप या रूपात मांडला तर आपल्या मैत्रिणीलाही तो मान्य व्हावा.

सैन्याच्या चालीकडेही असेच लक्ष द्यावे. पुस्तकाच्या सुरुवातीला नकाशा असतो, त्याची एक प्रत जवळ ठेवून प्रत्येक स्वारीला किती दिवस लागले ते पेन्सिलीने टिपत जावे. बैलांच्या तांड्यांसह चालणारे सैन्य दिवसाला पंधरा-वीस किलोमीटरच्या पुढे फारसे सरकत नाही, तर सामान मागे टाकून निघालेले घोडेस्वार त्याच्या दुपटीहून अधिक अंतर कापू शकतात. देवगिरीवरची धाड यशस्वी होण्यामागे हा फरक होता. कादंबरीत राजाचे लवाजम्यासह निघालेले सैन्यही एका प्रकरणात दोनशे कोस ओलांडत असेल, तर शत्रूच्या वेगाची जी दहशत लेखकाने पहिल्या शंभर पानांत परिश्रमाने उभी केली, ती तो स्वतःच पुसून टाकतो.

वीरगळांचा भाग सर्वांत अवघड आहे आणि तेथे घाईने मत देऊ नये अशी माझी विनंती आहे. महाराष्ट्रातल्या अनेक गावांत मारुतीच्या किंवा महादेवाच्या देवळाबाहेर हे दगड उभे असतात. त्यांची साधारण रचना खालून वर वाचायची असते : तळाच्या चौकटीत लढाई किंवा पडलेला वीर, त्यावर अप्सरा त्याला वर नेत आहेत, सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करतो आहे, आणि माथ्यावर चंद्रसूर्य, म्हणजे ते असेपर्यंत त्याची कीर्ती राहो. यातले कितीतरी वीर राजासाठी लढलेले नाहीत, गावची गुरे पळवून नेणाऱ्यांच्या आडवे जाऊन ते मेले. या दोन गोष्टी लक्षात ठेवल्या तर परीक्षणाला आपोआप धार येईल. ज्याला मरणोत्तर शिवसान्निध्य मिळाले आहे त्याला पुन्हा मातीत ओढून आणणे हा त्याच्यावर उपकार आहे की अन्याय, याचा विचार कादंबरीतले कोणी पात्र करते का? आणि गायींसाठी मेलेला गुराखी राजाच्या खजिन्यासाठी का लढेल? लेखकाच्या वीरांनी एकदा तरी हा प्रश्न राजाला विचारला असेल, तर ही कादंबरी साध्या चमत्कारकथेच्या बरीच पुढे गेली आहे असे मी निःसंकोच म्हणेन. ते केवळ हुकमी फौज म्हणून येऊन शत्रूला कापून काढत असतील, तर लेखकाने वीरगळाचा आकार घेतला आणि त्यामागची श्रद्धा दगडातच राहू दिली. लिहायला बसण्यापूर्वी जवळपासच्या एखाद्या गावी जाऊन वीरगळ प्रत्यक्ष पाहून यावा. खालच्या चौकटीतला तो गुरांचा लहानसा कळप एकदा डोळ्यांनी पाहिला की प्रसंग वाचण्याची आपली दृष्टी बदलेल.

प्रश्न : कथानक किती सांगावे? आणि मालिका अपुरी असताना मत देणे योग्य आहे का?
— तेच वाचक

उत्तर : पहिल्या तृतीयांशापर्यंतचे कथानक मोकळेपणाने सांगावे, त्यापुढे घटना सांगण्याऐवजी प्रसंगांचे स्वरूप सांगावे. कोण मरतो आणि कोण फितूर होतो हे मात्र सांगू नये. मालिकेच्या एकूण बांधणीवर निकाल देण्याची ही वेळ नाही. भाषा, पात्रे आणि या खंडापुरती रचना यांवर मात्र पहिल्या खंडातही ठाम मत देता येते आणि ते द्यावे. सहाशे पाने वाचून ‘पुढच्या भागाची उत्सुकता आहे’ एवढेच लिहिणारा परीक्षक वाचकाला काहीच देत नाही.

प्रश्न : असल्या कादंबऱ्या ही पाश्चात्त्यांची उसनवारी आहे, मराठीत ही परंपरा नाही. मग त्यांचे परीक्षण परदेशी कादंबऱ्यांशी तुलना करूनच करावे लागेल ना?
— एक वाचक, नारायण पेठ, पुणे

उत्तर : नाही. गुंजीकरांची ‘मोचनगड’ ही ऐतिहासिक कादंबरी 1871 मध्ये पुस्तकरूपाने आली, तेव्हापासून मराठी वाचकाला गड, गुप्त वाटा आणि फितुरी यांची गोडी आहे. आणि नाथमाधवांच्या ‘वीरधवल’ने काल्पनिक राज्यांतली अद्भुत कथा आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला रात्र रात्र जागून वाचायला लावली होती. त्याहून मागे जायचे तर पुराणे, माहात्म्यग्रंथ, गोंधळ्यांची आख्याने आहेतच. परदेशी कादंबरीशी तुलना निषिद्ध नाही, पण ती तेव्हाच करावी जेव्हा तिच्यामुळे हातातल्या पुस्तकातली एखादी गोष्ट अधिक स्पष्ट दिसते. केवळ अमुक लेखकाची छाप आहे असे म्हणून थांबणे हा आळस आहे.

परकी छाप शोधण्यापेक्षा मला एक देशी दोष अधिक खटकतो आणि परीक्षकांनी त्याकडे लक्ष द्यावे असे वाटते. आपल्या लेखकांचे जुन्या काळाविषयीचे कान बखरींवर आणि संगीत नाटकांवर तयार झाले आहेत. त्यामुळे तेराव्या शतकाच्या धर्तीवर रचलेल्या राज्यातही राजा, प्रधान, सुभेदार आणि पखालवाला असे सगळेच पेशवाईतल्या दरबाराचे लांबलचक, आर्जवी बोलणे बोलतात. यादवकाळातील साध्या माणसांचे बोलणे कसे होते याचा उत्तम पुरावा मराठीत उपलब्ध आहे. म्हाइंभटांच्या ‘लीळाचरित्रा’त चक्रधरस्वामींच्या भोवतीची माणसे आखूड, थेट वाक्यांत बोलतात, त्यांचे खाणे, रुसणे, प्रवास, वाटेतली भांडणे सगळे तेथे आहे. कादंबरीकाराने ती भाषा जशीच्या तशी वापरावी असे मी म्हणत नाही, वाचकाला ती झेपणारही नाही. पण त्या वाक्यांची लय त्याच्या कानात असावी. परीक्षण लिहिणाऱ्याने ‘लीळाचरित्रा’तल्या दहा-बारा लीळा सलग वाचाव्यात आणि मग कादंबरीतला एखादा संवाद मोठ्याने वाचून पाहावा. राजाची आणि हमालाची वाक्ये नावे झाकल्यावरही वेगळी ओळखू येत असतील, तर ते परीक्षणात उदाहरणासह नोंदवावे, कारण सहाशे पाने ते सांभाळणे फार कठीण असते.