आकडा उतरला म्हणजे ओझं उतरलं का?

दादा, तुम्ही विचारलंय की देशाचं अवलंबित्व गुणोत्तर घटतंय, मग अमळनेरकडच्या तुमच्या गावात ओट्याओट्यावर म्हातारीच माणसं का दिसतात? दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

15 वर्षांखालची मुलं आणि 65 व त्यापुढची माणसं यांची बेरीज करायची, तिला 15 ते 64 वयाच्या माणसांनी भागायचं आणि 100 ने गुणायचं. एवढाच अवलंबित्व गुणोत्तराचा हिशोब: कामाच्या वयाच्या 100 माणसांमागे अवलंबून किती. रावेरकडच्या आमच्या घराचं सांगतो. 1975 साली आई-वडील, काका-काकू असे चौघं कर्ते, आम्ही सात भावंडं आणि आजी. गुणोत्तर 200. 1983 ला आजी नव्हती, धाकटी 16 ची झाली होती. गुणोत्तर शून्य! घरात पहिल्यांदा पैसा उरला तो त्याच वर्षांत. विहीर तेव्हाच खोल केली. आज त्या घरात आई, काका, काकू आणि थोरला भाऊ-वहिनी. गुणोत्तर 150.

देशाचंही असंच चालतं, फक्त सावकाश. 1960 च्या दशकात भारताचं गुणोत्तर 80 च्या आसपास होतं, कारण बाईला सरासरी सहाच्या जवळ मुलं व्हायची. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हा जननदर 2.0 वर आला, महाराष्ट्रात तर 1.7. म्हणून गुणोत्तर आज 47 च्या घरात आहे. मुलं कमी झाली, म्हातारे अजून फार वाढलेले नाहीत. ही मधली खोलगट जागा. जपान तिथे 1990 च्या सुमारास होता, 44 च्या आतबाहेर. आता 70 च्या जवळ गेलाय, आणि तो म्हाताऱ्यांमुळे. आपल्या जुन्या 80 मधली पोरं दहा-पंधरा वर्षांत कामाला लागली. जपानच्या 70 मधली माणसं तशी परतणार नाहीत. म्हणून नुसता आकडा बघू नका, त्यात मुलं किती आणि वृद्ध किती ते वेगळं काढा.

तुमच्या गावाचं कोडं स्थलांतराचं आहे. सुरत-पुण्याला गेलेली पोरं देशाच्या हिशोबात आहेत, गावाच्या हिशोबात नाहीत.

आणखी एक. थोरला भाऊ 64 चा आहे. पुढच्या वर्षी तो 'अवलंबून' ठरेल आणि घराचं गुणोत्तर 400 होईल. आज पहाटेही तो केळीत ठिबकच्या नळ्या तपासत होता.