चिमणीची उंची छपरापासून नाही, आढ्यापासून धरा

तुम्ही विचारलंय की नव्या घरात लाकडं जाळायची फायरप्लेस करताय, तर चिमणी किती उंच हवी, आतली नळी किती रुंद हवी, आणि गवंडी म्हणतो तशी ती बाहेरच्या भिंतीला लावली तर चालेल का. शेवटचं आधी सांगते: लावू नका. आमच्या घरात याच गोष्टीवरून सहा वर्षं वाद चालू आहे.

घर बांधताना मी वहीच्या मागच्या पानावर छेद काढून दाखवला होता. चिमणी घराच्या मधल्या भिंतीतून वर जाईल आणि आढ्याजवळ, म्हणजे छपराच्या सर्वांत उंच कण्याजवळ, बाहेर निघेल, असा. दादाने पान नीट बघितलंही नाही. मधल्या भिंतीत घातली तर बैठकीची मांडणी बिघडते, म्हणून ती बाहेरच्या भिंतीला, वळचणीच्या बाजूला गेली. गवंड्याने छपरावर तीन फूट काढली आणि दोघं म्हणाले, नियमात बसली.

नियम त्यांना अर्धाच माहीत होता. अमेरिकेतल्या बांधकाम नियमांत जो तीन-दोन-दहाचा हिशेब आहे तो असा: चिमणी छपरातून जिथे बाहेर येते तिथून किमान 3 फूट वर, आणि शिवाय आजूबाजूला आडव्या अंतराने 10 फुटांच्या आत छपराचा जो सर्वांत उंच भाग असेल त्याच्याही 2 फूट वर. आमचं आढं चिमणीपासून आडव्या 9 फुटांवर होतं आणि चिमणी निघते त्या जागेपेक्षा 5 फूट उंच. म्हणजे चिमणी 7 फूट हवी होती. होती 3. तिचं तोंड आढ्याच्या 2 फूट खाली राहिलं. पलीकडून वारा आला की आढं ओलांडून खाली कोसळायचा, तो थेट चिमणीच्या तोंडावर.

पहिल्या थंडीत खोली धुराने भरली. आई खोकून बेजार. दादा म्हणाला, लाकूड ओलं आहे. लाकूड वर्षभर आडोशाला रचून सुकवलेलं होतं, मी स्वतः रचलं होतं. मग म्हणाला, नळी अरुंद आहे, फोडून मोठी करू. ते मी होऊ दिलं नाही, आणि ते बरोबरच केलं. गरम धूर हलका असतो म्हणून चढतो. त्याला वर खेचणारी ओढ येते ती नळीच्या उंचीमुळे आणि आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकामुळे. नळी गरजेपेक्षा मोठी केली की धूर रेंगाळतो, निवतो आणि ओढ मरते. काउंट रम्फर्ड या शास्त्रज्ञाने 1796 साली फायरप्लेसचा घसा, म्हणजे आगीच्या वर धूर नळीत शिरतो ती फट, उलट चार इंचांपर्यंत अरुंद करायला सांगितलं, ते याच अनुभवातून.

शेवटी चिमणी चार फूट वाढवली. वाऱ्याचा त्रास त्या दिवशी संपला. पण सकाळी पेटवताना धूर अजूनही आत येतो, कारण बाहेरच्या भिंतीची चिमणी तीन बाजूंनी थंडी खाते. रात्रभर नळीत थंड, जड हवा साचून बसते. आधी नळीच्या तोंडाशी कागदाचा बोळा पेटवून ती हवा हलवावी लागते, रोज. थंड नळीत काजळीचं डांबरही जास्त धरतं, आणि ते पेटलं तर चिमणीलाच आग लागते. घराच्या पोटातून नेलेली चिमणी उबदार राहते. उंची मागाहून वाढवता आली, जागा नाही बदलता आली. दादा अजून म्हणतो की चार फुटांनी काम झालं ना, मग जागा चुकली कशी? रोज सकाळी कागद मी पेटवते, तो नाही.

रुंदीचं थोडक्यात: उघड्या फायरप्लेसच्या तोंडाच्या क्षेत्रफळाच्या साधारण एक दशांश. तोंड 36 बाय 30 इंच असेल तर 108 चौरस इंच, म्हणजे 12 इंच व्यासाची गोल नळी पुरते. गोल नळी चौकोनीपेक्षा चांगली, कोपऱ्यांत धूर घुटमळत नाही. वळणं टाळा. बंद दाराची लोखंडी शेगडी बसवणार असाल तर हा हिशेब विसरा, तिच्या धूर निघायच्या तोंडाचं माप उत्पादक देतो तेच पाळा.

अजून एक, धूर आत येतोय म्हणून चिमणी फोडायच्या आधी स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट बंद करून बघा, किंवा खिडकी बोटभर उघडा. धूर थांबला तर दोष घर घट्ट बंद असल्याचा आहे. पंखा हवा बाहेर खेचतो आणि तिची भरपाई चिमणीतून होते.

आता जे आधी सांगायला हवं होतं: छपरावर सात फूट विटांची चिमणी नुसती उभी करू नका. वाऱ्याने किंवा भूकंपात ती छपरावरच पडते. ब्रिटनमध्ये उंची रुंदीच्या साडेचार पटींच्या आत ठेवायला सांगतात. आमच्या अरुंद चिमणीला ते शक्य नव्हतं, म्हणून लोखंडी आधार दिले, आणि ते काम अभियंत्याला दाखवूनच केलं. छपराचं लाकूड चिमणीच्या विटांना टेकू देऊ नका, घराच्या आतल्या चिमणीभोवती 2 इंच मोकळी जागा हवी. तुमच्याकडचे नियम वेगळे असतील तर ते आधी. आणि कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म झोपायच्या खोलीजवळ लावाच, कारण त्या वायूला वासही नसतो आणि रंगही.