वाचकांचे प्रश्न : आयर्लंडच्या पेन्शनचे पैसे नेमके कुठे गेले?

प्रश्न : माझा मुलगा डब्लिनला एका छोट्या कंपनीत कामाला आहे. जानेवारी २०२६ पासून त्याच्या पगारातनं 'माय फ्यूचर फंड' म्हणून पैसे कापायला लागले. तिथले त्याचे मित्र सांगतात, यातनं बाहेर पड, मागच्या वेळी सरकारनं पेन्शनचे पैसे बँकांना देऊन टाकले होते. हे खरं आहे का? आणि त्यानं काय करावं? — एक वाचक, मालवण

उत्तर : मित्र खोटं सांगत नाहीयेत, पण दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ करतायत, आणि ही सरमिसळ मला नीट सोडवून सांगायची आहे कारण मुलाच्या पैशांचा प्रश्न आहे.

आधी ते बँकांचं. २००१ मध्ये आयर्लंडनं नॅशनल पेन्शन्स रिझर्व्ह फंड सुरू केला. तेव्हा फीना फॉल पक्षाचं सरकार होतं आणि चार्ली मॅक्रीव्ही अर्थमंत्री होते. टेलिकॉम एरन ही सरकारी फोन कंपनी विकून आलेल्या पैशातला मोठा हिस्सा सुरुवातीला त्यात टाकला, आणि दरवर्षी राष्ट्रीय उत्पन्नाच्या १ टक्का रक्कम बाजूला ठेवायची असा कायदाच केला. विचार सरळ होता : आज देश तरुण आहे, हातात पैसा आहे, उद्या म्हातारी माणसं वाढतील तेव्हासाठी आत्ताच साठवा. कायद्यात स्पष्ट लिहिलं होतं की २०२५ पर्यंत या पैशाला हात लावायचा नाही.

मग २००८ आलं. घरांच्या किमतीचा फुगा फुटला, बँका बुडायला आल्या, सप्टेंबरच्या शेवटी सरकारनं एका रात्रीत बँकांची हमी घेतली, आणि २००९ मध्ये कायदा बदलून याच फंडातले ७ अब्ज युरो दोन मोठ्या बँकांत घातले. २०१० च्या नोव्हेंबरमध्ये युरोपियन युनियन आणि आयएमएफचं ८५ अब्जांचं पॅकेज ठरलं, त्यातले १७.५ अब्ज आयर्लंडनं स्वतःच्या खिशातनं घालायचे होते, आणि खिसा म्हणजे मुख्यतः हाच फंड. २०११ ला सरकार बदललं, फिना गेल आणि लेबर आले, तरी फंडातनं बँकांकडे पैसे जातच राहिले. सगळं मिळून २० अब्ज युरोहून जास्त. २०१४ ला उरलेल्या पैशाचं नावही बदललं आणि कामही बदललं, तो आता गुंतवणुकीचा फंड झाला, पेन्शनचा राहिला नाही. नंतर सरकारनं बँकांचे शेअर विकले, बँक ऑफ आयर्लंडमधले २०२२ ला संपले, एआयबी या दुसऱ्या बँकेतले २०२५ ला, म्हणजे सगळाच पैसा पाण्यात गेला असं नाही. पण ज्या वर्षी फंड म्हाताऱ्यांसाठी उघडायचा होता त्या २०२५ साली तो फंडच नव्हता, ही गोष्ट मला आजही लागते.

यातनं मला एवढंच म्हणायचंय की तारखेचं कुलूप लावून पैसा सुरक्षित होत नाही. कायदा ज्या संसदेनं केला तीच संसद तो बदलते. तो पैसा देशाचा होता, पण कुणा एका माणसाच्या नावावर नव्हता, म्हणून त्याच्यासाठी भांडायला नेमकं असं कुणी उभं राहिलं नाही.

आता तुमच्या मुलाचं. माय फ्यूचर फंड वेगळा आहे कारण यात त्याच्या नावाचं स्वतंत्र खातं आहे. ज्यांचं वय २३ ते ६० आहे, वर्षाला २० हजार युरोहून जास्त कमाई आहे आणि नोकरीतनं दुसरी पेन्शन नाही, त्यांना यात आपोआप घेतात. माझी मावसबहीण कॉर्कजवळ एका केअर होममध्ये नर्स आहे, तिनं मला जानेवारीच्या पगाराच्या चिठ्ठीचा फोटो पाठवला होता. पगार ३,००० युरो, त्याखाली एक नवीन ओळ, ४५ युरो. ती वैतागली होती, कारण भाडं, बसचा पास, घरी पाठवायचे पैसे, सगळ्याचं गणित आधीच बसवलेलं असतं. पण चिठ्ठीवर जे पटकन डोळ्यात भरत नाही ते मी तिला लिहून दिलं : तिचे ४५, मालकाचे ४५, सरकारचे १५, म्हणजे खात्यात १०५. दर ३ युरोमागे मालक ३ आणि सरकार १ टाकतं. आज तिचा दर दीड टक्का आहे, तो टप्प्याटप्प्यानं दहाव्या वर्षापर्यंत ६ टक्क्यांवर जाणार आहे.

पहिले सहा महिने बाहेर पडता येत नाही. सातव्या-आठव्या महिन्यात पडता येतं, तेव्हा स्वतः भरलेले पैसे परत मिळतात, मालकाचे आणि सरकारचे खात्यातच राहतात, आणि दोन वर्षांनी पुन्हा आपोआप आत घेतात. माझं मत विचाराल तर डोक्यावर जास्त व्याजाचं कर्ज नसेल तर त्यानं थांबावं. पैसे बाजारात गुंतवलेले असतात, वर-खाली होणार, आणि निवृत्तीच्या वयापर्यंत ते अडकून राहतात, हे दोन्ही त्याला आधी नीट सांगा.

प्रश्न : वराडचे लिओ वराडकर पेन्शनच्या मुद्द्यावर हरले असं वाचलं. मग तिथले पक्ष पेन्शनबद्दल म्हणतात तरी काय? — एक वाचक, ठाणे

उत्तर : लिओ वराडकरांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे डॉक्टर. डिसेंबर २०१९ मध्ये लिओ टीशॉक म्हणजे तिथले पंतप्रधान असताना कुटुंबासोबत वराडला येऊन गेले, आणि परत गेल्यावर थोड्याच दिवसांत, ८ फेब्रुवारी २०२० ला, निवडणूक झाली. घरं आणि हॉस्पिटलं हे मोठे मुद्दे होतेच, पण प्रचारात मध्येच पेन्शनचं वय उसळून वर आलं. २०११ च्या कायद्यानं हे वय ६६, मग २०२१ ला ६७, मग २०२८ ला ६८ व्हायचं ठरलं होतं. दारोदार फिरणाऱ्या उमेदवारांना लोक हेच विचारायला लागले.

कारण असं बघा. बऱ्याच नोकऱ्यांचा करार ६५ ला संपतो. पेन्शन ६६ ला. मधलं एक वर्ष, चाळीस-पंचेचाळीस वर्षं काम केलेला माणूस बेकारभत्त्यासाठी नाव नोंदवायला ऑफिसात जायचा, जिथे आजूबाजूला विशी-पंचविशीची काम शोधणारी पोरं. पैशापेक्षा ती मान खाली घालून उभं राहायची गोष्ट लोकांना बोचली होती, आणि आता ते एक वर्ष दोन होणार होतं. शिन फेननं सांगितलं, आम्ही वय ६५ वर आणू. फीना फॉलनं सांगितलं, वाढ पुढे ढकलू. फिना गेल म्हणजे वराडकरांचा पक्ष मधल्या काळासाठी भत्ता देतो म्हणाला, पण उशीर झाला होता. निकालात जागा अशा पडल्या : फीना फॉल ३८, शिन फेन ३७, फिना गेल ३५. म्हणजे फक्त पेन्शननं हरले असं मी म्हणणार नाही, पण पेन्शननं दुखापत केली हे नक्की.

पुढे फीना फॉल, फिना गेल आणि ग्रीन पार्टी एकत्र आले. पहिले दोन पक्ष तर १९२२-२३ च्या यादवी युद्धातल्या दोन बाजूंतनं निघालेले. ६५ वर्षांच्या लोकांसाठी वेगळा भत्ता २०२१ ला सुरू झाला, नाव नोंदवायची सक्ती गेली. तज्ज्ञांच्या पेन्शन कमिशननं हळूहळू, दरवर्षी तीन महिन्यांनी, वय वाढवायला सांगितलं. सरकारनं २०२२ ला ते नाकारलं, वय ६६ च ठेवलं, ज्याला ७० पर्यंत थांबायचंय त्याला वाढीव पेन्शन, आणि बदल्यात सामाजिक विम्याचा हप्ता थोडा थोडा वाढवायचा. मला हे योग्य वाटतं, कारण ऑफिसात बसणाऱ्याचं ६८ आणि विटा उचलणाऱ्याचं ६८ एक नसतं. पण पैशाचा प्रश्न त्यानं सुटत नाही, आज एका म्हाताऱ्या माणसामागे साधारण चार-साडेचार कमावत्या वयाची माणसं आहेत, २०५० च्या सुमारास दोन-सव्वादोन राहतील.

म्हणून पुन्हा एक नवीन फंड. फ्यूचर आयर्लंड फंड, २०२४ पासून दरवर्षी जीडीपीच्या ०.८ टक्के, २०३५ पर्यंत, आणि पैसे २०४१ च्या आधी काढायचे नाहीत. हा पैसा येतो मुख्यतः परदेशी कंपन्यांच्या टॅक्समधनं, आणि कंपनी टॅक्सचा निम्म्याहून जास्त भाग फक्त दहा कंपन्या भरतात. आज लोकांना परवडणारी घरं नाहीत तर २०४१ साठी साठवायचं का, हा वाद तिथे चालू आहे आणि तो रास्त आहे. पण पहिल्या फंडाचं काय झालं हे माहीत असताना मी तिथला मतदार असते तर दर निवडणुकीत एकच विचारलं असतं : पुढचं संकट आलं की हा फंड कोण उघडू शकतो, आणि आम्हाला विचारून की न विचारता?

म्हाताऱ्यांच्या पैशाला हात लावलेला तिथे लोक विसरत नाहीत. १९२४ ला अर्थमंत्री अर्नेस्ट ब्लाइद यांनी दहा शिलिंगांच्या पेन्शनमधला एक शिलिंग कापला, शंभर वर्षं झाली, अजून त्यांचं नाव निघतं ते त्याच शिलिंगावरनं. पेन्शन तिथे सुरू झाली १ जानेवारी १९०९ ला, इंग्रजांच्या राज्यात, वय ७०. पण आयर्लंडमध्ये जन्मनोंदणी १८६४ ला सुरू झालेली, त्यामुळे म्हाताऱ्यांकडे कागदच नव्हते. मग विचारायचे, ६ जानेवारी १८३९ च्या मोठ्या वादळाची रात्र आठवते का? त्या रात्री मी हातात धरून बटाटा खाल्ला होता असं लोक सांगायचे, म्हणजे तेव्हा स्वतःच्या हातानं खाण्याएवढं वय होतं, आणि तो वयाचा पुरावा धरला जायचा.

प्रश्न : मुलगी पाच वर्षं आयर्लंडला काम करून भारतात परत यायचं म्हणते. तिथली सरकारी पेन्शन इथे मिळेल का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : हप्ते भरून मिळणारी पेन्शन परदेशात राहूनही मिळते, भारतातही. पण त्यासाठी किमान ५२० आठवड्यांचे हप्ते लागतात, म्हणजे दहा वर्षं, आणि पूर्ण पेन्शन, जी २०२६ मध्ये आठवड्याला २९९.३० युरो आहे, ती बऱ्याच जास्त वर्षांच्या हप्त्यांवर मिळते. पाच वर्षांत साधारण २६० आठवडे होतील, ते एकट्यानं पुरत नाहीत. निघायच्या आधी तिला तिच्या सामाजिक विम्याच्या हप्त्यांचा पूर्ण रेकॉर्ड मागून घ्यायला सांगा आणि आठवडे स्वतः मोजायला सांगा. नोकरी बदलताना राहून गेलेले हप्ते तिथे असतानाच दुरुस्त करून घ्यायला सोपं जातं, इथनं ईमेल करत बसण्यापेक्षा.