क्रॅडली हीथनचे रायडर: आधी कुणाला आठवायचं?

प्रश्न असा होता: ‘मोटरसायकल स्पीडवेमधला एखादा बंद पडलेला संघ आणि त्याचे जुने रायडर यांच्याबद्दल कुणी सांगेल का? त्यातले कोण लक्षात ठेवण्यासारखे?’

मी इंग्लंडमध्ये डडलीजवळ राहतो. त्यामुळे माझ्यासाठी या प्रश्नाचं उत्तर एकच, क्रॅडली हीथ गावाचा संघ क्रॅडली हीथन. बर्मिंगहॅमच्या पश्चिमेचा हा सगळा पट्टा कोळशाचा आणि लोखंडाचा. क्रॅडली हीथ हे साखळ्या घडवणाऱ्यांचं गाव. १९१० साली इथल्या साखळ्या बनवणाऱ्या बायकांनी संप करून मजुरी वाढवून घेतली होती. टायटॅनिकचा मोठा नांगर शेजारच्या नेदरटनला घडला. अशा कष्टकरी वस्तीत १९४७ पासून, मधली काही वर्षं सोडली तर, डडली वूडच्या स्टेडियमवर शनिवारी संध्याकाळी स्पीडवे चालायचं. आता तिथे घरं आहेत.

आपल्याकडे हा खेळ फारसा माहीत नाही, म्हणून थोडं सांगतो. चार रायडर, चार फेऱ्या, साधारण मिनिटभराची शर्यत. गाडी ५०० सीसीची, इंधन मिथेनॉल, गिअर एकच आणि ब्रेक नाहीच. ट्रॅक बारीक खडीच्या मातीचा, लंबगोल, आणि फिरायचं कायम डावीकडे. वळणावर मागचं चाक मुद्दाम घसरवायचं, डाव्या पायाच्या बुटाखाली लावलेली पोलादी पट्टी जमिनीला टेकवायची आणि पुढचं चाक उजवीकडे वळवून गाडी डावीकडे न्यायची. प्रत्येक शर्यतीला हीट म्हणतात. एका हीटमध्ये दोन रायडर यजमानांचे, दोन पाहुण्यांचे. पहिल्याला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १, चौथ्याला शून्य.

आता एक बारकावा, जो मला या खेळात सगळ्यात जास्त आवडतो. आपल्याच जोडीदाराच्या लगेच मागे जो दुसरा किंवा तिसरा येतो, त्याला एक बोनस गुण मिळतो. तो संघाच्या गुणसंख्येत धरत नाहीत, त्या रायडरच्या मानधनात आणि सरासरीत धरतात. कारण उघड आहे. पुढे आपलाच माणूस असेल तर त्याला मागे टाकायला जाऊन दोघांचंही नुकसान करू नकोस, मागे राहून दुसऱ्यांना अडव, हे काम पैशाचं आणि मानाचं ठरवलेलं आहे. प्रेक्षक हातात पेन घेऊन कार्यक्रमपत्रिकेत प्रत्येक हीटचा निकाल भरतात, आणि शेवटी रायडरच्या नावापुढे ८+२ असं काहीतरी लिहितात. अधिक चिन्हापुढचा तो आकडा म्हणजे त्याने जोडीदारासाठी केलेलं काम.

क्रॅडलीची नावं काढली की लोक जगज्जेत्यांपासून सुरुवात करतात, आणि एका लहान वस्तीच्या संघासाठी ती यादी खरोखर थक्क करणारी आहे. माझं मत मात्र असं की सुरुवात त्या अधिक चिन्हापुढच्या माणसांपासून करावी.

ॲलन ग्रॅहम हा त्यातला पहिला. बर्मिंगहॅमचा मुलगा. आमच्या शेजारी राहणारे एक वयस्क गृहस्थ डडली वूडला वर्षानुवर्षं उभे राहून शर्यती बघत आले. त्यांच्या तोंडी ग्रॅहमचं नाव जितक्या प्रेमाने येतं तितकं इतर कुणाचं येत नाही. दुसरा फिल कॉलिन्स. हा पाच रायडर भावांतला एक, त्याचा थोरला भाऊ पीटर १९७६ चा जगज्जेता. फिल स्वतः जगज्जेता झाला नाही, पण मागून येऊन बाहेरच्या कडेने मुसंडी मारण्यासाठी तो प्रसिद्ध होता आणि प्रेक्षकांना त्याचं वेड होतं.

हे दोघं महत्त्वाचे का, ते ब्रूस पेनहॉलच्या गोष्टीतून कळतं. पेनहॉल कॅलिफोर्नियाचा, १९७८ मध्ये क्रॅडलीला आला. देखणा, हसरा, गाडीवर कमालीचा हुकमी. १९८१ मध्ये वेम्बली स्टेडियमवर नव्वद हजारांहून जास्त लोकांपुढे तो जगज्जेता झाला. त्या रात्री टॉमी नूडसन आणि ओले ओल्सन या दोघांनाही त्याने अगदी अंतिम रेषेवर गाठून हरवलं. त्याच वर्षी क्रॅडलीने ब्रिटिश लीग पहिल्यांदा जिंकली. पुढच्या वर्षी लॉस एंजेलिसच्या कोलिसियममध्ये त्याने विजेतेपद राखलं. दुसऱ्या क्रमांकावर कोण? फिलचाच भाऊ लेस कॉलिन्स. आणि तिथेच पेनहॉलने निवृत्ती जाहीर केली, टीव्हीवर अभिनय करायला निघून गेला.

आता संघ कोसळेल असं कुणालाही वाटलं असतं. पण १९८३ मध्ये, पेनहॉलशिवाय, क्रॅडलीने लीग पुन्हा जिंकली आणि नॉकआउट कपही जिंकला. तारा गेल्यावर पुढच्याच हंगामात दुहेरी यश मिळवणाऱ्या या संघाबद्दल मला पेनहॉलच्या दोन विजेतेपदांपेक्षा जास्त आदर आहे. ती वर्षं कॉलिन्स आणि ग्रॅहम यांचीही होती, आणि सायमन विगचीही. विग तेव्हा तरुण होता. नंतर लाँग ट्रॅकमध्ये, म्हणजे लांब आणि जास्त वेगाच्या ट्रॅकवरच्या शर्यतीत, तो पाच वेळा जगज्जेता झाला. मेंदूतल्या गाठीने २००० साली तो गेला, चाळिशीत पाऊल टाकून महिनाच झाला होता.

आणि अर्थातच एरिक गुंडरसन. डेन्मार्कच्या एसब्यर्गचा, अंगाने लहानखुरा, सुरुवातीच्या गेटवरून सुटण्यात विजेसारखा. इंग्लंडमधली त्याची क्रॅडलीची वर्षं म्हणजे संघाच्या इतिहासाचा गाभा. १९८४, १९८५ आणि १९८८ अशी तीन वैयक्तिक विजेतेपदं. १९८५ चं ब्रॅडफर्डच्या ओडसल स्टेडियमवर, हान्स नीलसन आणि सॅम एरमोलेन्को यांच्याशी बरोबरी झाल्यावर जादा शर्यत जिंकून मिळवलेलं. त्याच ओडसलवर सप्टेंबर १९८९ मध्ये जागतिक सांघिक स्पर्धेचा अंतिम सामना होता. पहिल्याच हीटमध्ये, पहिल्याच वळणावर चौघंही पडले. गुंडरसन, इंग्लंडकडून सायमन क्रॉस, अमेरिकेकडून लान्स किंग, स्वीडनकडून यिमी निलसन. यातला क्रॉस क्रॅडलीचा तेव्हाचा सहकारी, किंग आधीच्या काळातला. चौघांतली तिघं ही वेगवेगळ्या देशांच्या जर्सी घातलेली एकाच ड्रेसिंग रूममधली माणसं होती. गुंडरसनच्या मानेला आणि मेंदूला गंभीर इजा झाली. वाचेल की नाही याचीच खात्री नव्हती. तिशी पूर्ण व्हायला काही आठवडे बाकी होते. तो वाचला, आणि पुन्हा चालायला शिकला. शर्यत मात्र संपली ती कायमची.

याच संघाने १९८६ ते १९८९ असा सलग चार वर्षं नॉकआउट कप जिंकला, हेही सांगायला हवं. त्या संघातला यान ओ. पेडरसन १९९१ मध्ये गोथेनबर्गला एकही शर्यत न हरता, पंधरापैकी पंधरा गुण घेऊन जगज्जेता झाला. पुढच्याच हंगामात पाठीच्या दुखापतीने त्याचीही कारकीर्द थांबली.

जुन्या पिढीतली काही नावं तर क्रॅडलीबाहेर फारशी कुणी घेतच नाही. ॲलन हंट हा पहिल्या काळातला स्टार. पुढे बर्मिंगहॅमकडून खेळला आणि १९५७ च्या सुरुवातीला जोहान्सबर्गच्या ट्रॅकवर अपघातात गेला. आयव्हर ह्यूज १९६६ मध्ये डडली वूडवरच्याच अपघातात गेला. आणि बर्न्ट पेरसन, स्वीडनचा. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला क्रॅडलीकडे ट्रॉफी वगैरे काही नव्हतं, तेव्हा लोक मैदानावर यायचे ते याला बघायला. १९७२ च्या वेम्बलीच्या अंतिम सामन्यात त्याने न्यूझीलंडच्या इव्हान मेजरशी गुणांची बरोबरी केली आणि जादा शर्यतीत हरला. मेजर तेव्हा जगातला सगळ्यात मोठा रायडर. त्याच्यापुढे एका तळाच्या संघाचा माणूस जगज्जेतेपदापासून एका शर्यतीवर उभा होता. मला पेरसन पेनहॉलइतकाच मोठा वाटतो. चांगले दिवस येईपर्यंत संघ टिकला, त्याला अशी माणसं कारण असतात. आपल्याकडे हातातून गेलेला सामना वाचवण्यासाठी दिवसभर खेळपट्टीवर उभ्या राहणाऱ्या फलंदाजाला जाणकार जो मान देतात, तोच मान याला द्यावा.

१९९५ च्या हंगामानंतर डडली वूड बंद झालं. जमीन घरांसाठी गेली, आणि प्रेक्षकांनी कितीही धडपड केली तरी या भागात नवा ट्रॅक उभा राहिला नाही. १९९६ मध्ये संघ स्टोकच्या ट्रॅकवर दोन्ही गावांचं नाव लावून खेळला. नेमकं त्याच वर्षी संघातला बिली हॅमिल जगज्जेता झाला, आणि त्याच संघातला ग्रेग हॅनकॉक तिसरा आला. दोघंही कॅलिफोर्नियाचे, दोघांनाही क्रॅडलीनेच इंग्लंडमध्ये आणून घडवलं होतं. स्वतःचं मैदान नसलेल्या संघाकडे त्या वर्षी जगातला पहिला आणि तिसरा रायडर होता. तरीही त्या हंगामानंतर वरच्या लीगमधून संघ नाहीसा झाला. या गोष्टीचा मला आजही राग येतो. खेळ संपला म्हणून हा संघ बंद पडला नाही. पायाखालची जमीन गेली म्हणून पडला.

हीथन हे नाव २०१० मध्ये खालच्या पातळीच्या नॅशनल लीगमध्ये परत आलं. वुल्व्हरहॅम्प्टनच्या ट्रॅकवर, बहुतेक तरुण पोरं घेऊन. २०१३ आणि २०१४ मध्ये त्यांनी ती लीग जिंकलीही. मग तोही संघ थांबला.

तुम्हाला स्वतः शोधून बघायचं असेल तर १९८१ चा वेम्बलीचा अंतिम सामना आधी बघा, तो कुणालाही आवडेल. त्यानंतर क्रॅडलीचे त्या काळातले लीगचे सामने मिळतील तेवढे बघा, आणि त्यात पुढच्या गाडीवरची नजर काढून मागच्यावर ठेवा. आपला जोडीदार पुढे आहे हे दिसल्यावर तो कोणती बाजू धरतो, वेग कुठे कमी करतो, प्रतिस्पर्ध्याला आत शिरायला जागा कशी देत नाही, हे कळायला लागलं की ग्रॅहमचं नाव इथल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून का जात नाही तेही कळेल. हॅनकॉक तर तुम्हाला अगदी अलीकडच्या चित्रणातही सापडेल. १९८९ मध्ये अठरा-एकोणीस वर्षांचा असताना तो डडली वूडला आला. १९९७, २०११, २०१४ आणि २०१६ असा चार वेळा जगज्जेता झाला, शेवटचा वयाच्या ४६ व्या वर्षी, आणि २०२० मध्ये निवृत्त झाला.