गॅरेजच्या ओट्यावरून : पेडल बसलं, ते वर येईना

प्रश्न : आमच्या घरी वडिलांची जुनी सात सीटर डिझेल गाडी आहे, मीच चालवते. तुळजापूरहून परत येताना क्लचचं पेडल एकदम मऊ पडलं. रिव्हर्स टाकताना करकर व्हायला लागली. पेडल दोन-चार वेळा दाबलं की गिअर पडायचा. गॅरेजमध्ये दाखवलं तर, ‘क्लच प्लेट गेली, गिअरबॉक्स उतरवावा लागेल’ असं सांगितलं. खाली वाकून पाहिलं तेव्हा गिअरबॉक्सच्या बाजूला बसवलेला छोटा सिलिंडर ओला दिसला. मी आणि भावाने तो दारातच बदलला, नवीन ऑइल भरलं, एअर काढली. बाटली संपत आली तरी पेडल शेवटच्या दोन बोटांतच पकडतं. भराभर पंप केलं की चांगलं होतं, थोड्या वेळाने पुन्हा पहिल्यासारखं. आता वरचा मास्टर सिलिंडरही बदलायचा की गॅरेजवाल्यांचं ऐकायचं?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, गिअरबॉक्स आहे तिथेच राहू द्या. प्लेट संपली की गाडी वेगळी बोलते : चढाला रेस वाढते पण गाडी ओढत नाही, जळका वास येतो. तुमच्या गाडीचा क्लच सुटत नाहीये, आणि पंप केल्यावर सुटतोय. म्हणजे दोष बहुतेक ऑइलच्या बाजूला आहे. पेडल दाबलं की वरचा मास्टर सिलिंडर पाइपातून ऑइल खालच्या सिलिंडरकडे ढकलतो आणि त्याचा दांडा क्लच सोडवतो. दाबलं तर ऑइल आकसत नाही, हवा आकसते. लाइनमध्ये हवेचा एवढासा बुडबुडा राहिला तरी पायाचा अर्धा जोर तो दाबण्यातच जातो.

तुम्ही सिलिंडर बदललात ते बरोबरच केलंत. मला शंका आहे ती एअर काढण्याच्या पद्धतीची. त्याआधी एक बघा. नवीन सिलिंडरवर एअर काढायचा निप्पल आणि ऑइलचा पाइप, यांत वर कोण आहे? काही सिलिंडरांना दोन्ही भोकं एकाच आट्याची असतात आणि पाइप चुकून वरच्या भोकात बसतो. मग निप्पल खाली, हवा वर. असं असेल तर दहा बाटल्या ओतल्या तरी हवा आतच राहणार. निप्पल सगळ्यात उंच जागी हवा, यात तडजोड नाही.

आता पद्धत. ब्रेकची एअर काढलेला माणूस क्लचलाही तसंच करतो : धडाधड पंप, मग निप्पल ढिला. क्लचला घाई चालत नाही, भराभर पंप केलं की हवेचा फेस होतो आणि तो लाइनभर पसरतो. भावाला गाडीत बसवा, तुम्ही खाली. हुकूम खालच्या माणसाचा. ‘दाब’ म्हटलं की त्याने पेडल सावकाश तळापर्यंत न्यायचं आणि तिथेच धरून ठेवायचं. तुम्ही निप्पल पाव फेरा उघडायचा, बुडबुडे गेले की बंद करायचा, आणि मगच ‘सोड’ म्हणायचं. निप्पल उघडा असताना पेडल वर आलं की बाहेरची हवा आत ओढली जाते आणि पहिल्यापासून सुरुवात. शिवाय पेडल बऱ्याचदा आपोआप वर येतच नाही, तळाला पडून राहतं. भावाला सांगा, हाताने उचलून पूर्ण वर आण, क्षणभर थांब, मग पुन्हा दाब. हे न केल्याने निम्मे लोक ‘मास्टर गेला’ म्हणून दुकानात पळतात.

निप्पलला सलाइनची पारदर्शक नळी लावा आणि तिचं दुसरं टोक बाटलीतल्या थोड्या ऑइलमध्ये बुडवून ठेवा, म्हणजे बुडबुडा डोळ्यांनी दिसतो. वरच्या ऑइलच्या डब्यावर सतत नजर हवी. तो एकदा रिकामा झाला की मास्टरमध्येच हवा शिरते.

एवढं करूनही पेडल मऊच राहिलं तर एक जुना उपाय आहे, आणि मला तोच जास्त आवडतो. खालच्या सिलिंडरचे दोन बोल्ट काढा, पाइप तसाच जोडलेला ठेवा. पाइपचं तोंड वर येईल असा सिलिंडर हातात धरा आणि त्याचा दांडा अंगठ्याने हळूहळू पूर्ण आत ढकला. पेडल या वेळी पूर्ण वर हवं, नाहीतर मास्टरमधला रस्ता बंद असतो. हवेला वर जायचंच असतं, ती पाइपातून डब्यात येऊन फुटते. डबा आधी थोडा रिकामा करून ठेवा, नाहीतर ऑइल बाहेर सांडेल. पुन्हा पुन्हा करा, दोन ढकलण्यांच्या मध्ये थोडं थांबा. सिलिंडर असा सुटा असताना भावाने उत्साहाने पेडल दाबलं तर पिस्टन बाहेर उडून पडेल. त्याला गाडीतून खालीच उतरवलेलं बरं.

मास्टरचा निकाल लावायचा तर गाडीतली मॅट उचला आणि पेडलचा दांडा इंजिनकडच्या पत्र्याच्या भिंतीत शिरतो तिथे बोट फिरवा. ओलं लागलं तर मास्टर गेला. कोरडं असलं तरी तो निर्दोष ठरत नाही, कारण आतला रबरी वॉशर झिजला की ऑइल बाहेर न येता आतल्या आतच मागे फिरतं. इंजिन बंद ठेवून पेडल एकसारख्या दाबाने धरून ठेवा. पाय हळूहळू खाली जात राहिला आणि बाहेर कुठेच गळती नसली, तर मास्टर बदला.

शेवटी खालच्या सिलिंडरच्या दांड्याची चाल मोजा. भाऊ पेडल दाबताना दांडा किती बाहेर सरकतो ते पट्टीने बघा. पुष्कळ गाड्यांत ती १० ते १५ मिलिमीटर असते, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल. चाल पूर्ण मिळूनही गिअर करकरत असेल, तर मात्र गॅरेजवाले बरोबर ठरतात आणि गिअरबॉक्स उतरवायला हरकत नाही.

मास्टर बदलायची वेळ आलीच तर नुसतं वॉशर किट घेऊ नका. सिलिंडरच्या आत नखाला लागेल असा ओरखडा किंवा गंजाचा खड्डा असेल तर नवीन वॉशर तो थोड्याच दिवसांत खातो. अख्खा सिलिंडर घ्या, जुना सोबत न्या आणि बोअरचा, म्हणजे आतल्या भोकाचा, आकार जुळतो का ते तपासा. मोठ्या बोअरचा मास्टर बसला की पेडल जड होतं, लहान बोअरचा बसला की क्लच पूर्ण सुटत नाही. बसवल्यावर पेडलचा दांडा आणि मास्टरचा पिस्टन यांच्यात किंचित मोकळीक ठेवा, साधारण १ मिलिमीटर. ती नसली तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, दाब अडकून राहतो आणि चांगली प्लेट घसरून जळते. पाइपच्या बोल्टखालचे तांब्याचे वॉशर नवीनच टाका.

आता खास आपल्या गावासाठी. सोलापुरात प्रत्येकाच्या गाडीत टॉवेलचा कटपीस असतो, आणि हात, काच, सिलिंडर सगळं त्यानेच पुसलं जातं. टेरीचा धागा सुटतो. एक तंतू वॉशरखाली गेला तरी गळती सुरू. सिलिंडरच्या तोंडाला जुन्या धोतराचं मऊ कापड वापरा. क्लचमध्ये भरतो ते ब्रेक ऑइलच, आणि ते रंग खातं, तेव्हा आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नसलं तरी एक बादली शेजारी भरून ठेवा आणि सांडलं की लगेच धुवा. काढलेलं ऑइल गटारात ओतू नका.

आणि गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर भरवसा नको. खाली घोडी, म्हणजे पक्का लोखंडी स्टँड, हवी, चाकांना ठोकळे हवेत.

प्रश्न : रस्त्यात क्लचचं ऑइल कमी झालं तर डब्यात थोडं इंजिन ऑइल टाकून घर गाठता येतं, असं आमचे एक मित्र सांगतात. चालेल का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : नाही. या सिलिंडरांतले रबरी वॉशर इंजिन ऑइल, डिझेल, रॉकेल यांनी फुगतात आणि अडकतात. बऱ्याच गाड्यांत क्लच आणि ब्रेकचा डबा एकच असतो, त्यामुळे मित्राच्या सल्ल्याने ब्रेकही जातील. असं कुणी आधीच करून बसलं असेल तर धुऊन भागत नाही, रबर लागलेला प्रत्येक भाग बदलावा लागतो. डब्याच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ जे लिहिलं असेल तेच ब्रेक ऑइल टाका. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही. फोडून ठेवलेली जुनी बाटलीही नको, कारण हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं. ताजं डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी शोषलेल्याची मर्यादा १५५ अंशांवर येते. मे महिन्यात, सायलेन्सरच्या पाइपशेजारी बसलेल्या सिलिंडरला हा फरक जाणवतो. दोन वर्षांतून एकदा सगळं ऑइल बदलून टाका.

प्रश्न : माझ्या गाडीला खालचा सिलिंडर कुठेच दिसत नाही. फक्त पाइप गिअरबॉक्समध्ये शिरलेला आहे. तो घरी कसा बदलायचा?
— एक वाचक, पंढरपूर

उत्तर : घरी बदलायचा नाही. तुमचा सिलिंडर गिअरबॉक्सच्या आत, शाफ्टभोवती बसलेला आहे. गिअरबॉक्स आणि इंजिनच्या सांध्यातून खाली क्लचचं ऑइल ठिबकायला लागलं की तो गेला समजा. तो काढायला गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, तेव्हा प्लेट आणि प्रेशर प्लेट किती उरलीय तेही बघून घ्या, नाहीतर तीच मजुरी पुन्हा द्याल. एअर काढायचा निप्पल मात्र बहुतेक गाड्यांत बाहेर असतो. तेवढं काम घरी करता येईल.