९४ वर अडलेला स्पीड आणि आतल्या खोलीतलं वायफाय

ताई, तुमचं म्हणणं थोडक्यात असं: डोंबिवलीत दोन बेडरूमचा फ्लॅट. प्लॅन १०० वरून २०० एमबीपीएसचा केला, तरी हॉलमध्ये राउटरला वायर लावून लॅपटॉपवर ९४ च्या वर आकडा जात नाही. आतल्या खोलीत वायफायवर ८ ते १२ मिळतात. रात्री नऊनंतर मीटिंगमध्ये आवाज तुटतो आणि कंपनीचा माणूस ‘आमच्याकडून सगळं ओके आहे’ म्हणून तक्रार बंद करतो. म्हणून आता ३०० चा प्लॅन घ्यावा का, असं विचारलंत.

घेऊ नका, निदान आत्ता तरी. तुमच्या वर्णनात मला तीन वेगळे बिघाड दिसतात आणि त्यांतला एकही मोठ्या प्लॅनने जाणारा नाही. मी बारा-तेरा वर्षं सोसायटीतल्या लोकांची, नातेवाइकांची नेट दुरुस्त करत आलोय. बहुतेक घरांत पैसे चुकीच्या जागी गेलेले असतात, त्याचं फार वाईट वाटतं. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी तो ९४. हा आकडा फार बोलका आहे. प्लॅन १०० च्या वरचा आणि वायरवर टेस्ट ९४-९५ ला अडते, तेव्हा वाटेत कुठेतरी जोडणी १०० वर बसलेली असते. लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये ‘लिंक स्पीड’, म्हणजे लॅपटॉप आणि राउटरमधली जोडणी किती वेगाची ठरली तो आकडा, बघा. तिथे १०००/१००० हवं, तुमच्याकडे १००/१०० दिसेल अशी माझी जवळजवळ खात्री आहे. आता ती वायर हातात घ्या आणि टोकाचा पारदर्शक प्लग उजेडात धरा. आत आठ बारीक तारा रंगवारीने बसलेल्या दिसायला हव्यात. १०० ला चारच तारा पुरतात, १००० ला आठही लागतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार जरी प्लगच्या टोकापर्यंत पोचली नसेल, तरी नेट चालू राहतं, दिवे लागतात, कुणाला शंकाही येत नाही, पण जोडणी गुपचूप १०० वर उतरते. माझ्या मेहुण्याकडे हेच झालं होतं. वर्षभर तो २०० चे पैसे भरत होता आणि दोष होता प्लग बसवताना आखूड कापलेल्या एका तपकिरी तारेचा.

वायर नीट असेल तर राउटरची भोकं तपासा. काही राउटरना चारांतलं एकच पोर्ट गिगाबिटचं (म्हणजे १००० चं) असतं, बाकीची तीन १०० ची. त्या पोर्टवर ‘जीई’ किंवा वेगळा रंग असतो. लॅपटॉप जुना असेल तर त्याचंच पोर्ट १०० चं असू शकतं, तेव्हा दुसऱ्या लॅपटॉपवर एकदा बघून घ्या. नवी वायर घेताना कॅट ६ (नेटच्या वायरचा एक दर्जा) मागा आणि शुद्ध तांब्याची आहे ना, हे विचारून घ्या. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त वायर बाजारात भरपूर आहे, लांब अंतराला ती दगा देते.

आता आतली खोली. तुम्ही लिहिलंत की राउटर हॉलमध्ये टीव्हीमागे, चपलांच्या कपाटावर आहे, आणि मध्ये लोखंडी कपाट लावलेली भिंत आहे. लोखंड आणि आरशाची काच वायफाय परतवतात, पाणी ते शोषून घेतं आणि आरसीसीची भिंत बराच जोर खाते. राउटर टीव्हीमागून काढून उघड्यावर, डोक्याच्या उंचीला आणा. फायबर (कंपनीकडून येणारी काचेची बारीक तार) तेवढी पोचत नसेल तर ती ओढू नका, कंपनीकडून वाढवून घ्या.

मग बँड, म्हणजे वायफाय ज्या लहरींवर चालतं तो पट्टा, बघा. राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन्ही बँडचं असेल तर दोघांना वेगवेगळी नावं द्या, म्हणजे फोन कशावर बसलाय ते कळेल. ५ वेगवान, पण भिंतींपुढे लवकर थकतो. २.४ लांब जातो, पण इमारतीतल्या प्रत्येक घराचा आवाज त्याच गल्लीत. त्यात एकमेकांवर न चढणारी चॅनल (बँडमधल्या छोट्या वाटा) तीनच: १, ६ आणि ११. फोनवर वायफाय ॲनालायझरसारखं फुकटचं ॲप टाकून तिन्हींत कमी गर्दीचं कोणतं ते बघा, राउटरमध्ये तेच पक्कं करा आणि चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. काही जण ३ किंवा ८ निवडतात. त्याने दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांशी टक्कर होते आणि सगळ्यांचंच नुकसान होतं.

एवढ्यानेही आत २५-३० च्या पुढे जात नसेल, तर रिपीटर (वायफाय पकडून पुढे पाठवणारं यंत्र) घेऊ नका. साधा रिपीटर त्याच बँडवर ऐकतो आणि त्याच बँडवर बोलतो, म्हणून वेग निम्म्यावर येतो. त्याऐवजी भिंतीच्या कडेने केसिंगपट्टीतून आतल्या खोलीपर्यंत एक कॅट ६ टाका. तिथे घरात पडलेला जुना राउटर लावा, पण त्याचं डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते वाटणारी सोय) बंद करा, पत्ता बदलून मुख्य राउटरपेक्षा वेगळा ठेवा आणि वायर लॅनच्या (घरातली उपकरणं जोडायच्या) पोर्टमध्ये घाला. दोनेक तासांचं काम आहे, खर्च वायर आणि पट्टीचा. विजेच्या तारेच्या पाइपमधून मात्र ही वायर नेऊ नका.

रात्रीचं तुटणं हा तिसरा मुद्दा. यात अंदाज बांधू नका, बघून घ्या. वायर लावूनच, रात्री नऊला, कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरला पिंग (उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी आज्ञा) चालू ठेवा (बहुतेक घरांत १९२.१६८.१.१), दुसरीत ८.८.८.८ ला, म्हणजे बाहेरच्या गूगलच्या सर्व्हरला. राउटरचा आकडा १-२ मिलिसेकंदांवर स्थिर राहिला आणि बाहेरचा मध्येच ३००-४०० वर उसळला, तर घरातले सगळे फोन विमान मोडवर टाकून पुन्हा बघा. उसळी थांबली तर घरातलंच कुणीतरी नेटची लाइन भरून टाकतंय. बहुधा फोटोंचा बॅकअप असतो. ऑफिस सुटल्यावर घरी आलेला फोन वायफाय मिळताच दिवसभराचे व्हिडिओ वर चढवायला लागतो, त्यांच्या रांगेत तुमचा आवाज अडकतो. अशा वेळी स्पीड टेस्ट चांगली दिसेल आणि मीटिंग तरी तुटेल. बॅकअप रात्री उशिरावर टाका. राउटरमध्ये क्यूओएस (कोणाला किती वेग द्यायचा ते ठरवणारी सोय) असेल तर अपलोडची मर्यादा खऱ्या वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर ठेवा. डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) बदलायचा सल्ला इथे बरेच जण देतील. त्याने पान उघडायची सुरुवात थोडी लवकर होते, आवाज तुटायचा थांबत नाही.

सगळे फोन बंद असतानाही उसळी राहिली, तर मात्र दोष बाहेरचा. राउटरच्या सेटिंगच्या पानावर ऑप्टिकल पॉवर (फायबरमधल्या प्रकाशाचा जोर) दिसते, तिथे ‘आरएक्स’, म्हणजे तुमच्यापर्यंत पोचणारा प्रकाश, बघा. उणे १५ ते उणे २५ डीबीएम (हा जोर मोजायचं एकक) ठीक, उणे २७ च्या पलीकडे गेला की धोका. दर ३ डीबीला प्रकाश निम्मा होतो, म्हणून दोन-चार अंकांचा फरकही मोठा समजा. माझ्याकडे एकदा उणे २८ च्या पुढे गेला होता आणि दर पावसात नेट झोपायचं. कपाट सरकवलं तर मागे फायबर काटकोनात दुमडून भिंतीशी दाबली गेलेली. सैल करून मोठ्या वेटोळ्यात ठेवली आणि उणे २१ वर आला. चहाच्या कपाच्या तोंडापेक्षा लहान वेटोळं कधीच नको.

तिथेही सगळं नीट असेल तर कंपनीला ‘स्लो आहे’ एवढंच सांगू नका. वायर लावून सकाळी आणि रात्री घेतलेल्या टेस्ट, पिंगचे फोटो आणि आरएक्सचा आकडा पाठवा, डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) मागून घ्या. समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे तीस दिवसांत दाद मागता येते. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमातच तशी तरतूद आहे. आकडे समोर असले की ‘ओके आहे’ म्हणून फाइल बंद करणं त्यांना कठीण जातं.

आज फक्त वायर बदला आणि लिंक स्पीड काय येते ते इथे लिहा. प्लगचा जवळून फोटो टाकलात तर रंगांची रांग मी बघून सांगतो.