टेलिंग्ज डॅमवरची पहिली नोकरी

इंदूर सोडून खाणीवर जातोस म्हणून आई नाराज आहे, कळतं मला. तरी जाच, आणि सुरुवातीलाच डिझाइन ऑफिसच्या एसीत अडकू नकोस. बांधावर, म्हणजे खाणीतला गाळ अडवणाऱ्या त्या टेलिंग्ज डॅमवर, उभा राहा.

रोलर फिरण्याआधी मातीची ओल बघ. प्रॉक्टर चाचणीतल्या (किती ओलीला माती सगळ्यात घट्ट बसते ते सांगणारी लॅबची चाचणी) ओलीपेक्षा जागेवरची माती फार कोरडी किंवा फार ओली असली, तर फेऱ्या वाढवूनही हवी ती घनता येत नाही. घनता तपासायचा खड्डा ठेकेदाराचा माणूस दाखवेल तिथे खणू नकोस. कडेला, पाइपाशेजारी घे, जिथे रोलर नीट पोचत नाही. फिल्टरच्या, म्हणजे बांधात झिरपलेलं पाणी बाहेर काढणाऱ्या थराच्या, वाळूवरून डंपरची चिखलाची चाकं गेली, तर ती वाळू काढायला लाव. बारीक माती मिसळली की निचरा गेलाच.

ब्राझीलमधल्या ब्रुमाजिन्योच्या बांधात गाळ टाकणं २०१६ मध्येच थांबलं होतं. तरी २५ जानेवारी २०१९ला तो फुटला, २७० माणसं गेली. म्हणून पिझोमीटरचं (बांधातल्या पाण्याचा दाब मोजणारं उपकरण) रीडिंग स्वतः घे, मागच्या तारखेच्या रिपोर्टवर सही मागतील (मागतातच!), करू नकोस.

गणपतीला घरी यायची आशा मात्र सोड. बांधातलं पाणी नेमकं तेव्हाच चढलेलं असतं.